बोटीवरचं गोडं पाणी

ट्रॉलर मासेमारीला निघण्याआधी बंदरावर तीन गोष्टी चढतात: डिझेल, बर्फ आणि पाणी. डिझेलचा हिशोब लिटरवर चालतो. बर्फाच्या लाद्या मोजून घेतल्या जातात, कारण मासळीचा भाव त्यावर ठरतो. पाण्याबाबत तांडेल एकच विचारतो, भरलं का? ते कुठून आलं, कशातून आलं आणि कशात पडलं, याची चौकशी सहसा होत नाही. ८ खलाशी १० दिवस समुद्रात राहणार असतील आणि पिण्याला-रांधण्याला माणशी रोज ५ लिटर धरलं, तर ४०० लिटर पाणी लागतं. हे पाणी दहाव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकंच पिण्याजोगं राहायला हवं. किनाऱ्यापासून ५० मैलांवर कुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर बोट फिरवून दवाखाना गाठेपर्यंत सहा-सात तास सहज जातात.

हा विषय निघाला की बोलणं लगेच फिल्टरवर येतं. कोणता घ्यावा, केवढ्याला मिळतो, बॅटरीवर चालतो का. फिल्टरचं काम आहेच, पण ते या प्रश्नाचं एक टोक आहे. बोटीवरचं बहुतेक पाणी मुळात पिण्याजोगं असतं; ते बिघडतं पाइपातून चढताना, टाकीत पडून राहताना आणि मगाने काढताना. भर द्यायला हवा तो राखण्यावर.

याला आधार आहे. जहाजांवरच्या पाण्यातून पसरलेल्या रोगांच्या साथींचा एक आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या २१ साथींपैकी १८ प्रवासी जहाजांवरच्या होत्या आणि बाधितांची संख्या ६,४०० हून जास्त भरली. सर्वाधिक वेळा सापडला तो जुलाब घडवणारा ई. कोलाय, शिवाय नोरोव्हायरस, साल्मोनेला, शिगेला, जिआर्डिया अशी नावं होती. कारणांची यादी मला जास्त बोलकी वाटते. बंदरातच दूषित असलेलं पाणी, भरण्याची चुकीची पद्धत, टाकीची सदोष रचना, दुरुस्तीच्या वेळी आत गेलेली घाण, पिण्याच्या नळाला दुसऱ्या पाण्याचा नळ जोडला जाणं, उलटं ओढलं गेलेलं पाणी आणि पुरेसं क्लोरीन न उरणं. यांतलं जवळपास काहीच खोल समुद्रात घडलेलं नाही. प्रवासी जहाजांचा वाटा एवढा मोठा दिसतो, त्यामागे तिथे डॉक्टर असतो आणि नोंद होते हेही कारण असणार. मच्छीमार बोटीवर पोट बिघडलं तर ते खलाशाच्या जेवणावर किंवा उन्हावर ढकललं जातं.

हा प्रश्न शिडाच्या जहाजांइतका जुना आहे. युरोपातली जहाजं पाणी ओकच्या पिंपांतून नेत. महिन्याभरात ते हिरवं पडे, त्याला वास सुटे, त्यात किडे होत. ब्रिटिश आरमारात माणशी रोज एक गॅलन बिअर ठरलेली होती, त्यामागे बिअर पाण्यापेक्षा जास्त टिकते हा रोखठोक विचार होता. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन याने रममध्ये पाणी मिसळून वाटण्याचा हुकूम काढला, तो दारूबाजी आवरण्यासाठी; पाण्याचं दुखणं तसंच राहिलं. पिंपं आतून जाळून कोळशाचा थर धरवणं, पाण्यात चुना टाकणं असे उपाय चालत. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ धरली की गोडं पाणी मिळतं, हे मांडलं. पुढे चार्ल्स अर्व्हिंग याने जहाजाच्या चुलीला जोडायचं यंत्र केलं आणि १७७२ मध्ये पार्लमेंटने त्याला ५,००० पौंडांचं बक्षीस दिलं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर हे यंत्र होतं; तरी कुकचा मुख्य भरवसा राहिला तो मिळेल त्या किनाऱ्यावर उतरून ताजं पाणी भरून घेण्यावर. १८१५ च्या सुमारास आरमारात लोखंडी टाक्या येऊ लागल्या आणि लाकडात मुरलेल्या घाणीपासून सुटका झाली.

पिंपांची एक बाजू मात्र चांगली होती. एक पिंप नासलं तर बाकीची वाचत. आज एकच मोठी टाकी बसवली की सगळं पाणी एका झाकणाखाली येतं, आणि एक चूक सगळ्या पाण्याला लागते. म्हणून दोन लहान टाक्या एका मोठ्या टाकीपेक्षा केव्हाही बऱ्या. त्या आळीपाळीने वापराव्यात आणि जुन्या पाण्यावर नवं पाणी ओतू नये. हा नियम पाळायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे किनाऱ्यावरचं गोडं पाणी हे दर्यावर्दी राजकारणाचंच अंग होतं. मालवणच्या सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, आणि त्या नसत्या तर तिथे किल्ला टिकलाच नसता. जंजिऱ्यावरही गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. आज त्याच किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी मचूळ होतात, बंदरावर पाणी टँकरने येतं, आणि बोटीत पडणारं पाणी नेमकं कुठल्या विहिरीचं, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

पाणी भरण्याचा प्रसंग जवळून बघण्यासारखा असतो. धक्क्यावर टँकर लागतो. त्याचा पाइप जमिनीवर पडलेला असतो, आणि ती जमीन मासळीच्या पाण्याने, खवल्यांनी, डिझेलच्या थेंबांनी ओली असते. दोन बोटी ओलांडून पाइप तिसऱ्या बोटीवर ओढतात. तोंड फळीवर, जाळ्यावर, कधी पाण्यातही टेकतं. मग तेच तोंड पिंपात पार तळापर्यंत सोडतात, म्हणजे उडायला नको आणि हातात धरायलाही नको. इथे दोन गोष्टी होतात. पाइपाला चिकटलेलं सगळं पिंपात धुऊन निघतं. दुसरं म्हणजे पाइप थेट नळाला जोडलेला असेल आणि दाब मधेच पडला, तर पिंपातलं पाणी उलटं ओढलं जाऊन नळाच्या लाइनीत शिरतं; मग एका बोटीची घाण रांगेतल्या पुढच्या बोटीला जाते. मोठ्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा असतो, त्यावर तशी खूण असते, दोन्ही टोकांना टोपणं असतात आणि काम झालं की तो जमिनीपासून उंच कपाटात जातो. ट्रॉलरला एवढ्या थाटाची गरज नाही. बोटीचा स्वतःचा एक पाइप असावा, भरण्याआधी एक-दोन मिनिटं पाणी बाहेर सोडून तो धुवावा, आणि भरताना तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर धरावं.

टाकीचं साहित्य कोणतं असावं यावर खूप चर्चा होते. माझ्या मते ती थोडक्यात आटपते. अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची, उजेड आत न येऊ देणारी टाकी सामान्य बोटीला पुरेशी आहे. पांढरट, अर्धपारदर्शक पिंप डेकवर उन्हात ठेवलं की त्यात शेवाळ धरतं, कारण शेवाळाला उजेड लागतो. ताडपत्री किंवा गोणपाट गुंडाळलं तरी फरक पडतो, आणि पाणीही कमी तापतं. फायबरच्या नव्या टाकीला रसायनाचा वास येतो. ती नीट सुकलेली नसेल तर तो पाण्यात उतरतो, म्हणून गरम पाण्याने वारंवार धुऊन मगच वापरावी. स्टेनलेस स्टील उत्तम, पण जास्त क्लोरीन फार वेळ राहिलं तर वेल्डिंगच्या जागी ते खातं. एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. भंगारातून आणलेली निळी पिंपं कधीकाळी रसायनाची, औषधाची, कीटकनाशकाची असू शकतात. प्लॅस्टिक ते शोषून घेतं आणि कितीही घासलं तरी पूर्ण सोडत नाही. ज्या पिंपाचा पूर्वइतिहास माहीत नाही, त्यात जाळी भिजवावीत, पिण्याचं पाणी नाही.

टाकी कुठे बसवली आहे, हेही बघावं. पिण्याच्या टाकीची भिंत डिझेलच्या टाकीशी किंवा बिल्जशी, म्हणजे बोटीच्या तळाशी घाण पाणी साचतं त्या जागेशी, सामाईक असली, तर वेल्डिंगची एक भेग सगळं पाणी घालवते. टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड खाली वळलेलं आणि बारीक जाळीने झाकलेलं हवं, नाहीतर लाटेचे तुषार, झुरळं आणि धूळ आत जाते. पाणी किती उरलं ते बघायला काठी बुडवण्याची पद्धत सगळीकडे आहे. तीच काठी डेकवर लोळते आणि तिनेच कधी डिझेलही मोजलं जातं. बाहेरून पारदर्शक नळी लावली की काठीची गरजच उरत नाही.

आणि मग मग. उघड्या पिंपात दोरी बांधलेला मग सोडायचा, आणि मासळी निवडून आलेल्या हाताने तो बाहेर काढायचा. खालच्या बाजूला तोटी बसवली, तोंड अरुंद ठेवलं आणि झाकणाला पट्टा लावला, तर हात पाण्याला लागतच नाही. घरगुती पाण्यावर जगभर झालेल्या कामातून हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बोटीच्या पाण्यात एकच बदल करायला पैसे असतील, तर मी तोटीला देईन.

टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागतं. तो जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला थर असतो. त्याच्या आत क्लोरीन पोचत नाही, आणि जे क्लोरीन आपण टाकतो ते या थराशी झुंजण्यातच संपतं. म्हणून आधी घासणं, मग औषध. हा क्रम उलटा केला की मेहनत फुकट जाते. मोठी, माणूस आत उतरेल अशी बंद टाकी असेल तर एक सावधगिरी जिवाची आहे. गंजणारं लोखंड हवेतला प्राणवायू खातं, त्यात ब्लीचिंगची वाफ मिसळली तर आतला माणूस आवाज न करता कोसळतो. झाकणं उघडून हवा खेळू द्यावी, आणि वर एक जण उभा असल्याशिवाय कुणी आत जाऊ नये.

आता औषध. ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर आपल्या किनाऱ्यावर सर्वत्र मिळते. ताजी असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पुडी उघडी, दमट जागी राहिली की ते उडून जातं, आणि बोटीवर सगळीच जागा दमट असते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडी थोडीच ठेवावी. रोजच्या पाण्यासाठी १,००० लिटरला ५ ते ६ ग्रॅम पुरतात. बादलीभर पाण्यात ती कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. घासलेली टाकी निर्जंतुक करायची असेल तर मात्रा पंचवीसपट जाते: लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे १,००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम पावडर. ते पाणी तोट्यांतून वास येईपर्यंत सोडायचं, ४ तास ठेवायचं, मग सगळं काढून टाकून स्वच्छ पाण्याने धुवायचं. हे पाणी प्यायचं नाही, हे टाकीवर खडूने लिहून ठेवलेलं बरं. लिटरच्या हिशोबाने थेंब टाकायचे असतील तर आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर सोपं पडतं.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. ते आधी तुरटीने निवळून घ्यावं. कोकणात निवळीचं बी उगाळून टाकण्याची जुनी रीत होती तिचाही हेतू हाच. कापडाने गाळणं तर घराघरात आहे, आणि त्यामागचं शास्त्र रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशात दाखवून दिलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतात. जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळलं की हे जीव वर अडकतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडीने पाणी गाळणाऱ्या गावांमध्ये पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. जुनी साडी नव्यापेक्षा सरस ठरते, कारण वापरून सुताचे तंतू फुगून भोकं बारीक होतात. पण सुटे जिवाणू कापडातून आरपार जातात, म्हणून गाळल्यावर क्लोरीन लागतंच.

क्लोरीनचा वास खलाशांना आवडत नाही, ही तक्रार खरी आहे. तोच वास पाण्याचा पहारेकरी आहे. उकळलेल्या पाण्यात, अतिनील दिव्याखालून गेलेल्या पाण्यात, समुद्राच्या पाण्यापासून काढलेल्या पाण्यात त्या क्षणी जंतू नसतील. पण पुढच्या मगाबरोबर जे आत जातात त्यांना अडवायला तिथे काहीच नसतं. भारतीय मानक १०५०० नुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ते आहे की नाही हे गावातला जलसुरक्षक ओटी टेस्ट करून बघतो: नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ही पेटी बोटीच्या केबिनमध्ये का नसावी? जंतूंची परीक्षाही आता अवघड नाही. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एक साधी बाटली तयार केली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, पाणी भरून उबदार जागी ठेवायची, पाणी काळं पडलं तर विष्ठेची घाण आहे. क्लोरीनलाही मर्यादा आहेत: क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला दाद देत नाहीत, आणि डिझेल किंवा कीटकनाशकावर ते काहीच करत नाही. तिथे पाणी फेकण्याला पर्याय नाही.

बर्फाबद्दल एक गोष्ट. थंड पाणी हवं म्हणून खणातल्या बर्फाचा तुकडा फोडून पिण्याच्या पाण्यात टाकला जातो. जंतू बर्फात मरत नाहीत, झोपतात. ज्या बर्फावर मासळी पडते, ज्यावर माणसं बुटांनी उभी राहतात, तो बर्फ पिण्याच्या पाण्यात पडला की आधी केलेलं सगळं रद्द होतं. युरोपला जाणाऱ्या मासळीला लागणारा बर्फ पिण्याजोग्या किंवा स्वच्छ पाण्याचा असावा, असा तिकडचा कायदा आहे. मासळीच्या बर्फाची एवढी काळजी घेतली जाते. मासळी धरणाऱ्याच्या घोटाची तेवढी तरी घेतली जावी.

मोठ्या जहाजांचा मार्ग वेगळा आहे, तो थोडक्यात. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची उष्णता वापरून, हवेचा दाब कमी करून समुद्राचं पाणी ४० ते ६० अंशांवरच उकळवतात. एवढ्या कमी तापमानाला सगळे जंतू मरतीलच असं नाही, म्हणून किनाऱ्यापासून २० सागरी मैलांच्या आत हे पाणी पिण्यासाठी न काढण्याची रीत आहे. दुसरा मार्ग आरओचा: सुमारे ५५ ते ६० बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलायचं. बंदरातल्या तेलकट पाण्याने पडदा नासतो. क्लोरीननेही नासतो, म्हणून ते टाकायचं ते पाणी निघाल्यानंतर. दोन्ही प्रकारच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते नळ खातं. चुनखडीच्या खड्यांतून काढलं की चवही येते.

शिडाच्या लहान नौकांना पाऊस उपयोगी पडतो. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी न थांबता. टॉमी पुढे २०२३ मध्ये जी गोल्डन ग्लोब शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण करून आले, तिच्यात १९६८ च्या काळातल्या साधनांवरच राहावं लागतं. तिथे पाऊस धरणं हा रोजच्या कामाचा भाग होतो. शिडावरून उतरणारं पहिलं पाणी मिठाने भरलेलं असतं. ते जाऊ द्यायचं, शीड धुऊन निघालं की मग धरायचं. धरलेलं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, चव बघून मगच टाकीत. समुद्राचं पाणी मिसळून पाणी पुरवण्याचा मोह जीवघेणा आहे: त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते बाहेर टाकायला शरीर प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करतं. जीवरक्षक होडीत माणशी ३ लिटर आणि तराफ्यावर दीड लिटर गोडं पाणी असावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो आकडा तगण्याचा आहे, राहण्याचा नाही.

नियमांचं चित्र मला अस्वस्थ करतं. जागतिक आरोग्य संघटनेची जहाज-स्वच्छतेची मार्गदर्शिका १९६७ पासून आहे, तिची तिसरी आवृत्ती २०११ ची. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू झाला. जहाजावर चांगलं अन्न आणि पिण्याचं पाणी फुकट मिळणं हा त्यात खलाशाचा हक्क आहे, आणि कप्तानाने तपासणीची नोंद ठेवायची आहे. भारतानेही तो स्वीकारला. पण मासेमारीच्या बोटी आणि पारंपरिक गलबतं या कराराच्या बाहेर आहेत. मच्छीमारांसाठी वेगळा करार २००७ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला. आशियातून थायलंडने तो मान्य केला, भारताने नाही. म्हणजे रत्नागिरीतलाच एक भाऊ व्यापारी जहाजावर असेल तर त्याच्या पाण्याची नोंद होते, दुसरा ट्रॉलरवर असेल तर होत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. मासळी उतरवण्याच्या प्रत्येक मोठ्या धक्क्यावर उंचीवर बसवलेला, फक्त पिण्याच्या पाण्याचा नळ, रोज ओटी टेस्ट आणि तिचा आकडा फळ्यावर, एवढं मच्छीमार सोसायट्या आणि बंदर खातं आजही करू शकतात. सूचना नुसत्या मराठीत लिहून भागणार नाही. आपल्या ट्रॉलरवर नेपाळचे, कर्नाटकचे, आंध्रचे खलाशी आहेत. चित्रं काढावीत. बोटीवर ओआरएसची पाकिटं ठेवावीत, आणि जुलाब लागलेल्या माणसाकडे स्वयंपाकाचं काम देऊ नये.

टाकीचं वार्षिक काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बसतं. बोट किनाऱ्यावर ओढली की उरलेलं पाणी तळापर्यंत काढून टाकावं. हातभर पाणी दोन महिने बंद राहिलं तर हंगामाला बुळबुळीचा नवा थर तयार मिळतो. टाकी कोरडी करून तोंडाला कापड बांधून ठेवावी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ती घासावी, ४ तास जड मात्रेत ठेवावी, धुवावी, भरावी, नेहमीची मात्रा द्यावी आणि पिवळा रंग तपासावा. कागदी पट्टीच्या बाटलीसाठी मात्र नमुना क्लोरीन टाकण्याआधी, नुसत्या भरलेल्या पाण्याचा घ्यावा. तिचा निकाल कळायला दोन दिवस लागू शकतात, म्हणून पहिल्या फेरीचं पाणी निघण्याच्या दोन दिवस आधी भरलेलं असावं.